पॅलेडियमचा मान

संगमनेरच्या सराफ बाजारात, अण्णा उदावंतांच्या ऐरणीवरचं पॅलेडियम साखरपुड्याच्या दिवशी सकाळीच रुसून बसलं. शेजारच्या मुशीत सोनं केव्हाच वितळून तयार होतं. पॅलेडियम मात्र मुशीत उतरायला राजी नव्हतं.

साखरपुडा अण्णांच्या लेकीचा, ऋजुताचा होता. होणाऱ्या जावयाला पांढऱ्या सोन्याची अंगठी हवी होती. निकेल घालून केलेली आधीची अंगठी बोटात घातली, तर बोट खाजून खाजून लालबुंद झालं होतं. आता पॅलेडियम या दुसऱ्या पांढऱ्या धातूशिवाय इलाज नव्हता. सोनाराने स्वतःच्या जावयाला बाजारची अंगठी घालायची म्हणजे आचाऱ्याने घरच्या कार्याला खानावळीतून डबा मागवायचा.

अण्णांनी सराफ संघाच्या रुसवे-फुगवे विभागाचे सचिव कुलथेकाका यांना बोलावून घेतलं. कुलथेकाकांनी चष्मा पुसला आणि ऐरणीला नमस्कार केला.

"अक्षत दिली होती का?"

"सगळ्यांना दिली," अण्णा म्हणाले. "सोन्याला दिली, भट्टीला दिली. तराजूकडे तर आम्ही जोडीने गेलो."

"आणि यांना?"

अण्णांनी कपाटाकडे पाहिलं. पॅलेडियम मुंबईहून कुरिअरने आलं होतं. त्यांनी सही करून पुडी घेतली आणि कपाटात टाकली. पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"बघा!" पॅलेडियम म्हणालं. "सोन्याचा पिवळेपणा मी घालवायचा, पाहुण्यांच्या बोटाला खाज येऊ नये म्हणून मी झटायचं, आणि नाव कुणाचं? पांढरं सोनं! आम्ही काय नुसतं जेवायला आलोय?"

"अहो, एवढ्या गोतावळ्यात एखाद्याचं राहून जातं," सोनं मुशीतून म्हणालं. "लवकर मिटवा, मला इथे घाम फुटलाय."

"मी येऊ का?" कपाटातून निकेलने विचारलं. कुलथेकाकांनी कपाटाचं दार लावून घेतलं.

तेवढ्यात अण्णांच्या पत्नी कुमुदकाकू अक्षतांची वाटी घेऊन दुकानात आल्या. "चुकलं तर चुकलं म्हणावं, त्यात काय कमीपणा?" असं नवऱ्याला सुनावून त्यांनी ऐरणीला कुंकू लावलं. "भाऊजी, पुतणीचं कार्य आहे. तुम्हीच असं केलंत तर कसं व्हायचं?"

पॅलेडियम जरा नरमलं. पण कोरड्या अक्षतांवर भागलं नाही. टॉवेल, टोपी आणि नारळ झाल्याशिवाय कुलथेकाकाही सुटका करायला तयार नव्हते. नियम म्हणजे नियम. अण्णांनी पाहुण्यांसाठी मोजून आणलेल्या टोप्यांतली एक पॅलेडियमच्या खड्यावर ठेवली. टोपीखाली पॅलेडियम दिसेनासं झालं, पण मानाच्या टोपीचं माप कोण बघतं?

मग ते मुकाट्याने मुशीत उतरलं. "या, या," सोनं म्हणालं. बघता बघता पिवळा रंग मावळला आणि दुपारपर्यंत अंगठी तयार झाली. पॅलेडियमची टोपी अण्णांनी घडी करून खिशात ठेवली. दुसऱ्याची वस्तू होती.

संध्याकाळी जावयाच्या बोटात अंगठी घातली. बोट लाल झालं नाही. अण्णांनी सुस्कारा सोडला, एवढ्यात नवरदेवाचे मामा जोडे घालून दाराशी उभे असलेले दिसले. त्यांना टोपी मिळाली नव्हती. टोप्या तर संपल्या होत्या. मामांमागोमाग मुलाकडची चार माणसं उठली आणि ऋजुताचा चेहरा उतरला.

"अण्णा, माझी द्या त्यांना," अंगठी म्हणाली.

मामांनी भाच्याच्या बोटाकडे पाहिलं. "हे कोण?"

"आमचे धाकटे बंधू," अण्णा म्हणाले. "मुंबईला असतात."

"मग ह्यांच्या डोक्याला काय?"

"माझा मान सकाळीच झाला," अंगठी म्हणाली. "आता पाहुण्यांचा होऊ द्या."

मामांनी विचार केला. त्यांना ते रास्त वाटलं. त्यांनी टोपी घातली, जोडे काढले आणि पंगतीत मुद्दाम भाच्याशेजारचा पाट मागून घेतला. जिलेबी आली तेव्हा पहिला आग्रह त्यांनी अंगठीला केला.

अंगठी नको नको म्हणाली, पण एक घेतली.