एकशे वीस बैलांची आगाऊ परवानगी

खरेदी विभागात मला अकरा वर्षं झाली. माझ्या हातून एकही वस्तू उशिरा आलेली नाही आणि एकही नापास झालेली नाही. अपवाद गेल्या वर्षीच्या बैलांचा.

सेलूजवळच्या आमच्या कारखान्यात तान्ह्या पोळ्याला कामगारांच्या मुलांना मिरवणुकीत ओढायला लाकडी बैल देतात. ऑर्डर दरवर्षी जुलैत निघते आणि तेवढ्यात लाकूड काही वाळत नाही. गेल्या वर्षी मिरवणूक अर्ध्यात आली नि बैल तडकू लागले. व्यवस्थापक रीता मॅडमच्या भाच्याचा बैल तर देवळापर्यंत पोचता पोचता दोन बैल झाला.

यंदा मी तोड काढली: आगाऊ परवानगीपत्र. ऑर्डर ठरल्याप्रमाणे जुलैतच, पण लाकूड मार्चमध्येच आमच्या नावानं राखून ठेवायचं. सोबत सतरा रकान्यांचा फॉर्म. इतका नेटका फॉर्म वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल.

सिंदीचे सुतार नत्थूजी पत्र घ्यायला आले. शिक्क्यावरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं.

"साहेब, हे पक्कं समजू न?"

"माझी सही आहे, नत्थूजी."

"मंग लाकडाले हात लावतो."

"लावा. उद्याच लावा."

लाकूड कोणतं, किती, वाळणार कधी, हे सगळं फॉर्मात होतं. येणार कुठून, एवढं मात्र नव्हतं. त्यांनी लिहिलं: कडुनिंब, एकशे वीस बैलांपुरतं, उपलब्ध.

जूनअखेर रीता मॅडमनी सांगितलं, यंदा मुलांना स्टीलचे डबे.

"मॅडम, लाकूड राखून ठेवलंय."

"ऑर्डर काढलीत?"

"नाही. परवानगी दिली."

"मग अडलं कुठे? विकू दे त्याला दुसरीकडे."

एवढंच सांगायला मी सिंदीला गेलो. अंगणात पाऊल टाकलं आणि वाटलं, घर चुकलं. नत्थूजींच्या दारात कडुनिंब होता. त्याच्या सावलीत पन्नास माणसांची पंगत बसायची. आता तिथे गुडघाभर बुंधा होता आणि भोवती बैल. लाकूड वाळलं, मग हात रिकामे कशाला, म्हणून कोरूनही झाले होते. एकशे वीस तोंडं माझ्याकडे बघत होती.

"दारातलं झाड काऊन तोडलं?" मीही घरच्या बोलीवर आलो.

"बाहेरचं लाकूड कवाचं, काय मालूम? हे माह्या डोयापुढं वाळलं. बैल तडकले असते त तुमची सही खोटी पडली असती."

त्यांची बायको आनंदाबाई भिंतीकडेला खाटेवर होती. गुडघ्यांमुळे तिचा दिवस झाडाखालीच जायचा.

"अख्खा उन्हाळा मी खाट घेऊन फिरून राह्यली," ती म्हणाली. "सकाळी घराच्या इकडं, सांजेले तिकडं. दुपारी टिनाखाली भाजून निघतो दोघंबी. फिरतीची नोकरी लागली म्हणा मले."

मी घसा साफ केला. मग परवानगी म्हणजे काय आणि ऑर्डर म्हणजे काय, हा फरक त्यांनी भिंतीलगत मांडलेल्या खुर्चीत बसून पाच मुद्द्यांत समजावला. अकरा वर्षांत इतकं मुद्देसूद मी बोललो नव्हतो. शेवटी डब्यांचं सांगितलं.

नत्थूजींनी एक बैल उचलला आणि त्याचा कान अंगठ्यानं बराच वेळ पुसला.

"डबा ओढाचा कसा पोरायनं?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता बैल होता तिथे, होता तसाच रांगेत ठेवला.

"मी नवं झाड लावून देतो," मी म्हणालो. "कडुनिंबच."

"सावली कधी पडन त्याची?" आनंदाबाईनं विचारलं.

"सात-आठ वर्षं तरी."

"मले सत्तर लागलं, साहेब. परवानगी नोका देऊ. ऑर्डरच काढा."

मी खिशातलं पेन उगाच चाचपलं.

"राहू द्या ते," ती म्हणाली. "सध्या खुर्ची जराशी सरकवा. तुमच्या मांगं हातभर सावली हाय, माही खाट मावते तिथं."