पुस्तकाचे वेष्टण फोडल्याची हकीकत

ऐकणारांनी सावध असावे. घरी नवी मोटार आली, तिचे इंजिन रुळविण्याचा प्रसंग कैसा गुदरला, कोणी शर्थ केली आणि कोणी नुसता तोरा मिरविला, तें यथास्थित लिहितों.

खाशी स्वारी म्हणजे बाळाचे वडील. कचेरीत कारकुनी, परंतु मोटारीविषयी मिजास सरदाराची. त्यांचे मसलतगार मामा. मामांनी उभ्या जन्मात स्कूटरीखेरीज काही हाकिले नाही, तथापि फर्मान सोडिले की, पहिले हजार किलोमीटर काटा तिसावर ठेवावा, तसूभर हलू देऊ नये, आणि रोज सकाळी मोटार अर्धा तास जागीच चालू ठेवावी, म्हणजे इंजिन मोकळे होते. स्वारींनी फर्मान शिरसावंद्य केले. मग रोज मोटार जागच्या जागी घुरघुरे आणि धूर घरात शिरे आणि बाळाच्या मातुश्री, बाईसाहेब, धावत जाऊन खिडक्या लावीत. बाईसाहेब शिकलेल्या. त्यांनी अर्ज केला की, मोटारीसोबत कंपनीचे पुस्तक आले आहे तें वाचावे. हुकूम जाहला की, वेष्टण फोडिल्यास नवेपणा जाईल. आसनांवरचे प्लास्टिकही याच कारणे कायम.

ऐसे असता एके दुपारी बाळाचा कान ठणकू लागला, अंगी ताप भरला. डॉक्टरीणबाई एकाला दवाखाना बंद करणार. वाट अठ्ठावीस किलोमीटरांची. बारा वाजून दहा मिनिटांनी कूच जाहले आणि काटा तिसावर खिळला आणि मागून सायकलवाला घंटी वाजवू लागला. निम्म्या वाटेत बाईसाहेबांनी हिशेब केला: उरली बावीस मिनिटे, या चालीने लागणार अठ्ठावीस.

“अहो, जरा दाबा ना!”

“मामा म्हणालेत तीस म्हणजे तीस. इंजिन जन्माचं असतं गं.”

“आणि कान? तो काय भाड्याचा आहे?”

मग बाईसाहेबांनी पुढच्या आसनाच्या खिशातून पुस्तक उपसले, वेष्टण दातांनी टराटरा फाडिले आणि खड्या आवाजात वाचिले की, पहिले हजार किलोमीटर एकाच वेगाने सतत चालवू नये, वेग कमीजास्त करावा, मात्र शंभराच्या आत असावा, आणि उगाच जागीच इंजिन चालू ठेवू नये. स्वारींचा चेहरा उतरला. मोटार कडेस घेतली गेली, स्वारी पदच्युत होऊन बाळाच्या खुर्चीशेजारी मागे गेली आणि दर वळणावर प्लास्टिकावरून घसरती जाहली. बाईसाहेबांनी काटा कधी पन्नास, कधी पासष्ट ऐसा खेळविला आणि एकाला चार मिनिटे कमी असता दवाखाना गाठिला.

कानात थेंब पडले, बाळ निजले. संध्याकाळी स्वारी शेजाऱ्यास सांगत होती, “मामांना काय कळतंय! पुस्तक वाचावं लागतं, साहेब.” बाईसाहेबांनी तें ऐकिले आणि मोटारीची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकिली.

इंजिन शाबूत, ताप उतरला, वेष्टण फाटले. येणेप्रमाणे फत्ते दाखल.