पानी घुसलं गा!

प्रताप नगरात आमच्या कोपऱ्यावर तर्री-पोह्याची गाडी लागते. लांजेवार काकाजी तिथे प्लेट हातात घेतात, पण लगेच खात नाहीत. आधी चमचाभर तर्री उजेडाकडे धरतात, मग दोन बोटांत एक थेंब चोळतात आणि निकाल देतात, "पानी घुसलं गा." गाडीवाला वाद घालत नाही. त्यांच्या प्लेटमध्ये आणखी अर्धा डाव तर्री ओततो आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळतो. निकाल त्या अर्ध्या डावासाठीच असावा, असा मला जुना संशय आहे.

काकाजी माझे शेजारी. जन्मभर त्यांनी बोटींच्या मोटारी दुरुस्त केल्या. जी होडीच्या मागे लटकते आणि जिचा पंखा पाण्यात फिरतो, ती मोटार. नागपूरला समुद्र नसला तरी आसपास तलाव आहेत, धरणं आहेत आणि धरणात मासे धरणारे ढिवर आहेत. काकाजींच्या अंगणात पाण्याने भरलेला ड्रम असतो, त्याच्या काठाला एखादी मोटार कसलेली असते, आणि ती सुरू झाली की आमच्याकडे टीव्ही ऐकू येत नाही.

त्यांची पद्धत ठरलेली. मोटारीच्या पायथ्याचा स्क्रू काढायचा आणि गिअरचं तेल काचेच्या बाटलीत उतरवायचं. आधी पाणी टपकलं, किंवा तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं, की पाणी अडवणारं रबरी सील गेलं. मग पंखा काढायचा. त्याच्या मागे बहुतेक वेळा जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला सापडतो, आणि त्यानेच सील कापलेलं असतं. एकदा ड्रममधल्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला म्हणून मी "काकाजी, तेल गळतंय" म्हणालो, तर केवढे उखडले!

"ते पेट्रोलमधलं जळकं तेल हाय. गिअरचं तेल असं नाचत नाही. उगाच बोलू नोको. पाहून सांगत जा गा!"

यंदा मात्र काहीतरी बिनसलं. मारोती नावाचा ढिवर मोटार घेऊन आला. काकाजींनी सील बदललं, नवं तेल भरलं, ड्रममध्ये तासभर मोटार चालवली आणि तेल पुन्हा उतरवलं. "पानी घुसलं गा." पुन्हा सील, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मारोती पंधरा दिवस वल्ही मारत होता आणि त्याचे खांदे भरून आले होते.

"काकाजी, दुसरीकडे दाखवू काय जी?" त्याने भीतभीतच विचारलं.

इतक्या वर्षांत हे काकाजींना कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते तेलाचा डबा घेऊन दुकानदाराशी भांडून आले. म्हणे सीलबंद डब्यातच पाणी. मग खोबरेल तेलावर संशय, मग देवाच्या समईतल्या तेलावर. घरात येणाऱ्या पातळ वस्तूंत एक दूध तेवढं निर्दोष सुटलं.

रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "ये गा इकडे, थोडं धरून दे."

मी आत गेलो. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा फोटो टेबलावर उपडा ठेवून काकाजी चौकटीच्या कडांना मोटारीचा सील पक्का करायचा लेप लावत होते.

"फोटोत ओल शिरून राहिली," ते म्हणाले. "रोज पांढरा पडते. दोनदा काच बदलली, काही फरक नाही. नाक-डोळे बी दिसत नाही आता. तिचा दुसरा फोटो नाही गा माह्याजवळ."

मी फोटो सुलटा केला. काकू लख्ख होत्या. नथीतला मोती दिसत होता, भुवईवरचा लहानसा वणसुद्धा. मी खिडकीतल्या मारोतीच्या बाटलीकडे पाहिलं. तेलही मधासारखं स्वच्छ होतं. माझ्या आईलाही शेवटी शेवटी सगळं असंच दुधाळ दिसायचं. जन्मभर बाटलीकडे पाहून निकाल दिलेल्या माणसाला हे सांगायचं कसं?

"काकाजी, पाणी कशातच नाही घुसलं," मी म्हणालो. "तुम्हाला मोतीबिंदू झालाय."

आता उखडणार, असं मला वाटलं. त्यांनी बाटली उचलली, उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले आणि खाली ठेवली.

"मारोतीले फोन कर. मोटर चांगली हाय, घेऊन जाय म्हनाव."

मग हात पुसून त्यांनी माझ्याकडून फोटो घेतला आणि अगदी नाकाजवळ नेला.

"म्हंजे हिले काही झालं नाही ना?"

"नाही काकाजी. काकू जशाच्या तशा आहेत."

त्यांनी फोटो पुन्हा माझ्या हातात दिला.

"पाहून सांग गा. हसून राहिली ना?"

मी पाहून सांगितलं.