बिगर-मुलाण्याचा कोंबडा

कुणाची वाट बघत बसायचं म्हटलं की आकारामअण्णांच्या अंगावर मुंग्या सोडल्यासारखं व्हायचं. त्या रविवारी ते बगलेत कोंबडा धरून मीरासाब मुलाण्याच्या दारात गेले, तर मीरासाब आतूनच ओरडला, "अण्णा, खालच्या गल्लीत एक बोकड हाय. तेवढं उरकून येतो. तवर बसा की!"

"बसू? मी काय तुझ्या दारात अंडी घालाय आलोय व्हय?"

झालं. अण्णा तिथून फिरले ते कोंबड्यासकट.

गल्लीची रीत आज्या-पणज्यापासूनची. घर मराठ्याचं असो नाहीतर कुंभाराचं, जनावराच्या मानेवर सुरी फिरवायची ती मुलाण्यानंच. त्यानं अल्लाचं नाव घ्यायचं, मानेचा वाटा घेऊन जायचं, मग चूल पेटायची. ही रीत का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. (विचारायला मटण शिजायच्या आधी वेळ नसतो आणि नंतर तोंड मोकळं नसतं.)

अण्णांनी विचारलं. तेही बाळासो न्हाव्याच्या दुकानात, कोंबडा मांडीवर घेऊन.

"एकाच घराण्यानं का कापायचं म्हणतो मी? सुरी तीच, मान तीच. ह्याला काय म्हंत्यात बाळासो?"

बाळासोनं आदल्याच आठवड्यात शाहूपुरीत एक भाषण ऐकलं होतं. "ह्याला मक्तेदारी म्हंत्यात अण्णा. मोडलीच पायजे. तुमी कापा, पयलं ताट माझं!"

अण्णांना तो शब्द फार आवडला. घरापर्यंत ते तोच चघळत आले. परसात गेले, देवाचं नाव घेतलं (घाईत मारुतीचं घेतलं, ज्याचा ह्या धंद्याशी काही संबंध नाही) आणि मक्तेदारी मोडून टाकली.

बायको शालूबाई धुणं टाकून धावत आली. "आवं, मीरासाब कुटं हाय?"

"आजपासनं न्हाई मीरासाब. मीच."

"येडं लागलं का? आज लेकीला न्यायला कुरुंदवाडचं पावणं येणार हायती! जेवून उठलं तर लेक नांदाय जाईल, उपाशी उठलं तर जन्मभर हितंच बसंल. ह्यो कोंबडा माझ्या चुलीवर चढायचा न्हाई, सांगून ठेवतो!"

कारण तसंच होतं. लेक चिमणाबाई सासूशी भांडून माहेरी आलेली. आज तिचा सासरा कृष्णात आणि नवरा सयाजी तडजोडीला येणार होते, आणि आमच्याकडं तडजोड ताटावर होते. न जेवता पाहुणा उठला की नातं तुटलं.

अण्णांनी परसात तीन दगड मांडले आणि कोंबडा स्वतःच शिजवला. धुरानं डोळे लाल, मिशी जळालेली, तांबड्या रश्श्याला रंग मात्र झकास. बाळासोला जेवायला निरोप गेला. उलट निरोप आला, आज माझा वार हाय, खंडोबाचा.

दुपारी पाहुणे आले. पाय धुतले, पाटावर बसले, ताटं आली. कृष्णातनं भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, घास ओठापाशी नेला आणि सहज विचारलं, "मीरासाबनंच कापला न्हवं?"

अण्णांना खोटं बोलता आलं असतं. पण शालूबाई चौकटीत उभी होती, आणि तिच्यासमोर खोटं बोलायची सवय त्यांना लग्नानंतर राहिली नव्हती.

"मी कापला. ह्यो बिगर-मुलाण्याचा कोंबडा हाय. मुलाण्यानं कापल्याबिगर खाऊ नका, असं आपल्या देवानं सांगितलंय व्हय?"

"देवानं न्हाई," कृष्णातनं घास ताटात ठेवला. "माज्या आज्ज्यानं सांगितलंय. आन् आमच्यात आज्जा देवाच्या वर हाय. सयाजी, ऊठ!"

सयाजी उठला. (भूक लागलेला माणूस किती सावकाश उठतो, ते बघण्यासारखं होतं.) तेवढ्यात आतून चिमणाबाई बापावर कडाडली, "आबा! मीरासाबमामाला बलवून आणा, न्हायतर मी हितंच ऱ्हातो आन् रोज तुमच्याच हातचं खायाला घालतो तुमास्नी!"

पाहुणे दारातच थांबले आणि अण्णा चपला विसरून पळाले.

मीरासाब बोकड उरकून चहा पीत होता. "मीरासाब, माज्या कोंबड्यावर तुजं काय ते म्हण बाबा. शिजलाय, पर म्हण."

"शिजलेल्याला काय म्हणू अण्णा? परत उठून बस म्हणू?"

"आरं, चार शब्दांचाच तर खेळ हाय!"

"मग उद्या तुमच्या घरची सत्यनारायणाची पूजा मी सांगतो. चार शब्दांचाच खेळ हाय."

अण्णांनी हात जोडले. मीरासाब हसला, खुराड्यातून स्वतःचाच कोंबडा काढला, सुरी घेतली. "चला. चिमणी माज्या बी मांडीवर खेळलीया. आन् ह्याच्या मानेचा वाटा नको मला, ती तुमीच खावा. तुमची लई ताठ झालीया."

पुढचं काय सांगायचं! शालूबाईनं चूल पेटवली, कृष्णातनं तांबडा-पांढरा दोन्ही रस्सा ओरपला, मीरासाबला शेजारी बसवून घेतलं, आणि दिवस मावळायच्या आत चिमणाबाई नवऱ्याच्या मागं हसत गेली.

अण्णा एवढा वेळ रुसून परसात येरझाऱ्या घालत होते. पाहुणे जेवले नाहीत तर नाहीत, बाळासो फितूर झाला तर झाला, पण मोडलेली मक्तेदारी आपण एकट्यानं खायची, असं ठरवून ते स्वतःच्या पातेल्यापुढं मांडी घालून बसले. घास घेतला. चावला. पुन्हा चावला. घास गालात फिरला, जिभेखाली गेला, परत वर आला. घशापर्यंत जायचा आणि तिथून माघारी वळायचा.

"काय झालं?" शालूबाईनं विचारलं.

"काय न्हाई. मीठ कमी पडलंय." अण्णांनी घास हळूच केळीच्या बुंध्याशी टाकला, घसा खाकरला आणि आवाज बारीक करून विचारलं, "मीरासाबच्या कोंबड्यातलं... काय उरलंय का ग?"

"ताट झाकून ठिवलंय कवाच," शालूबाई म्हणाली. "मानेचं."