सासूबाईंची पावती

लाल दिवा असतानाच सासूबाईंनी स्कूटर दामटली आणि चौकातल्या हवालदाराने जोरात शिट्टी फुंकली. पण चेहरा दिसताच त्याच्या तोंडातली हवाच गेली. त्या पोलीस ठाण्याच्या मोठ्या मॅडमच्या सासूबाई होत्या!

"अहो आई, तुम्ही होय! जा, जा. सावकाश जा."

याच गुन्ह्यासाठी अडवलेला एक रंगारी शेजारीच मोपेड धरून उभा होता. तो उसळला, "वा! त्यांना सलाम आणि मला पावती? माझी सून पोलिसात नाही, हा माझा दोष?"

सासूबाईंनी स्कूटर स्टँडला लावली. "बरोबर बोलतोय तो. माझीही पावती फाडा."

"आई, माझ्या पोटावर पाय आणता का?"

"मग त्यालाही सोडा."

हवालदाराने कपाळावर हात मारला आणि रंगाऱ्याला सोडलं. लगेच मागचा टेम्पोवाला पुढे सरसावला. "मी मॅडमचा मामेभाऊ!" त्याच्यामागच्या गाडीतले आजोबा मॅडमचे काका निघाले. बघता बघता चौकात मॅडमचं इतकं गणगोत जमलं, की तेवढं त्यांच्या लग्नालाही नव्हतं. वाहनं तुंबली, हॉर्न कोकलू लागले.

"सगळे थापाडे!" सासूबाई कडाडल्या. "माझ्या सुनेला मामाच नाही, मामेभाऊ कुठला? फाडा सगळ्यांच्या पावत्या. सुरुवात माझ्यापासून!"

हवालदार काही केल्या धजेना. सासूबाई काही केल्या हलेनात. शेवटी जीपमधून खुद्द मॅडमच उतरल्या. हवालदाराने घाम पुसत सगळी हकीकत सांगितली.

"चूक माझी आहे," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "घरच्यांना सूट दिलीस, तर लोकांनी तुझं का ऐकावं?"

मॅडमचा चेहरा उजळला. सासूला दंड करायचा, तोही सासूच्याच आग्रहावरून! असा योग कुठल्या सुनेच्या नशिबी असतो? "हवालदार, फाडा! आईंपासून मामेभावापर्यंत, एकालाही सोडू नका."

हवालदाराने यंत्रात स्कूटरचा नंबर घातला आणि घसा खाकरला.

"मॅडम... गाडी तुमच्या नावावर आहे. दंड तुम्हालाच बसतोय."

चौकात एकच टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात मामेभावाच्या. मॅडमनी मुकाट दंड भरला आणि हसू आवरत सासूबाईंच्या कानाशी पुटपुटल्या, "आई, घरी चला, मग बोलू."

"घरी कशाला?" सासूबाई स्कूटरवर ऐसपैस टेकल्या. "इथेच बोल की. इथे सगळे माझ्या बाजूचे आहेत."