लिंबोळीचा धूर

परसातल्या वांग्यांवर मावा पडला, तेव्हा कोरीटच्या भाईदासने ठरवून टाकलं, यंदा एकही झाड मरू द्यायचं नाही. राख उधळून झाली होती. आता लिंबोळीचं तेल. पण तेल पाण्यात मिसळेना, वरच तरंगे. त्याने कपड्याचा साबण किसून टाकला, घुसळघुसळ घुसळलं, तेव्हा कुठे पाणी दुधासारखं झालं. थोड्या तेलाने मावा मरतो, तर जास्त तेलाने त्याचं खानदान मरेल, म्हणून तेल चौपट. झाडांबरोबर वांगीही न्हाऊन निघाली.

दुसऱ्या दिवशी, आगाऊ निरोप न देता, प्रकाशा गावचे भिला पाटील आणि त्यांची बायको मंगलाबाई बैलांच्या दमणीतून उतरले. आपल्या मुलासाठी भाईदासच्या पोरीला, जमनाला, बघायला. असं स्थळ पुन्हा दारी येणार नव्हतं.

"दुसरं काही नको," पाटील बैठकीत टेकत म्हणाले. "भरीत व्हवू द्या."

थोड्या वेळाने भाईदासच्या नाकात ओळखीचा वास शिरला. तो लगबगीने मागच्या दारी गेला. बायको, प्रमिलाबाई, कपाशीच्या वाळल्या पराट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती.

"हाई वांगा कोठेन तोडात?"

"परसमाईन. आखो कोठेन?"

"धुयात का?"

"भाजाना वांगा कोन धोस? सालटं त निघीच जास."

भाईदासने कळशी उचलून जाळावर रिकामी केली. जाळ विझला, पण असा कडवट धूर उठला की परस दिसेनासं झालं, आणि वारा नेमका बैठकीकडे. पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या जमनाच्या डोळ्यांना धार लागली. माफी मागायला धावलेल्या प्रमिलाबाईला ठसक्यावर ठसका लागला, पदर डोळ्यांना. मागोमाग भाईदास, उपरण्याने डोळे पुसत.

मंगलाबाईंनी तिघांकडे पाहिलं. त्यांचेही डोळे वाहू लागले.

"रडू नको बहीन," त्या म्हणाल्या. "तुन्ही पोर ती मन्ही पोर."

"सोयरीक पक्की," पाटील नाक ओढत म्हणाले. "पोर आजून घरमाच शे, नि आख्खं घर रडी ऱ्हायनं. अशी माया मी कोठेच देखी नही."

खरं सांगायला भाईदासने तोंड उघडलं. प्रमिलाबाईने त्याच्या पायावर पाय दिला.

"आते भरीत आना," पाटील म्हणाले.

"भरीत नही, पाटील," भाईदास ठामपणे म्हणाला. "आमना घरनी रीत शे. सोयरीक पक्की व्हयनी, का त्या दिन फक्त गोड जेवानं."

"रीत चांगली शे," पाटलांनी मान डोलावली.

एवढ्या वर्षांच्या संसारात प्रमिलाबाईने ही रीत कधी ऐकली नव्हती. ती गूळ फोडायला बसली.