ऐंशी वॉटचा दिवा

सायगॉनमध्ये व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरबद्दल कुणाचं मत घ्यायचं असेल तर माझं घ्या! हे मी म्हणत नाही, आमचं मालकमंडळ म्हणतं. 'छोटा वाघ' नावाचं यंत्र ज्यांनी ज्यांनी विकत घेतलंय त्यांचा फोनवर एक गट आहे, आणि त्या गटात माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. यंत्र भाताच्या कुकरएवढं, पण ताकद म्हणाल तर दर बाजूला ऐंशी वॉट! मी लिहिलं होतं, "आवाज कसा, तर आईच्या हातच्या पेजेसारखा. ऊबदार, दाट, अलगद उतरणारा. पण कान पिळला की शेजारच्या घरातली ताटं वाजतात!" हे वाचून कितीतरी जणांनी छोटा वाघ घरी नेला.

एक बारीकशी गोष्ट तेवढी मी लिहिली नव्हती. माझा स्वतःचा छोटा वाघ मी एकदाही चालू केलेला नव्हता.

त्याचं असं आहे की मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो. कोण इस्त्रीला चिकटून गेला, कोण पंख्याला, हे दिवसभर वाचायचं आणि संध्याकाळी घरी येऊन लाकडी चमच्याने दिव्याचं बटण दाबायचं, असा माझा संसार. तरी हौस वाईट! यंत्र हातात देताना कारागीर म्हणाला, "आत साडेचारशे व्होल्ट आहेत, साहेब. वायर काढलीत तरी वीज आत बसून राहते. आणि स्पीकर जोडल्याशिवाय चालू कराल तर जळेल."

वायर काढली तरी आत बसून राहते? त्याला वीज म्हणत नाहीत, भूत म्हणतात!

ते भूत मांडीवर घेऊन मी घरी आलो तर दारातच बायको उभी. तिचं नाव उयेन. तिच्या हातात कालथा होता.

"अहो, हे काय आणलंत?"

"दिवा!" मी म्हणालो. काचेचे व्हॉल्व्ह ओळीने उभे होते, दुसरं काय सुचणार?

"कसला दिवा?"

माझी नजर पितरांच्या देव्हाऱ्याकडे गेली. तिथे फोटोतून सासरे माझ्याकडे बघत होते. जिवंतपणीही ते असेच बघायचे.

"बाबांचा! देव्हाऱ्यासाठी! नवीन पद्धतीचा विजेचा दिवा आहे."

आतून सासूबाई आल्या. लग्न झाल्यापासून त्या माझा उल्लेख 'तो' असा करायच्या. 'तो आला का, तो जेवला का.' त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, पदर नसतानाही डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पोटच्या पोरांना सुचलं नाही ते खांगला सुचलं."

खांग! माझं नाव त्यांना पाठ होतं! मला इतका आनंद झाला की खरं सांगण्याची वेळ निघून गेली. खोटं बोलून मिळालेला मानसुद्धा गोडच लागतो हो! त्या दिवसापासून सासूबाई रोज सकाळी छोट्या वाघापुढे उदबत्ती लावायच्या, फळं ठेवायच्या, हात जोडायच्या. दिवा कधी लावायचा विचारलं की मी सांगायचो, "मुहूर्त लागतो, आई." मी गटावरही लिहून टाकलं, "मालकांना सल्ला. घरी विचारलं तर देव्हाऱ्यातला दिवा म्हणून सांगा. माझ्या घरी चाललं!" त्या सल्ल्याला जेवढे अंगठे मिळाले तेवढे पेजेलासुद्धा मिळाले नव्हते.

आणि मग सासूबाईंनी जाहीर केलं, "रविवारी ह्यांची पुण्यतिथी. सगळे नातेवाईक येतील. त्यांच्यासमोर दिवा लावायचा. ह्याहून चांगला मुहूर्त कुठला?"

स्पीकर माझ्याकडे नव्हतेच, ते आणायची हिंमत झाली नव्हती. म्हणजे रविवारी लावला तर जळणार, न लावला तर मी जळणार!

त्यात मालकमंडळाचे प्रमुख बाय भाऊ यांचा फोन. "खांग, रविवारी आम्ही तुझ्याकडे येतो. तुझा वाघ ऐकायचाय."

"भाऊ, माझे स्पीकर दुरुस्तीला गेलेत."

"आम्ही आमचे आणतो!"

"रविवारी सासऱ्यांची पुण्यतिथी आहे हो!"

झालं! ही चूक मी कशी केली कोण जाणे. पुण्यतिथी आहे म्हटल्यावर आमच्याकडे कुणाला 'येऊ नका' असं म्हणता येत नाही, आणि ऐकणाऱ्याला न येता राहता येत नाही. बाय भाऊंचा आवाज एकदम गंभीर झाला. "अरे, मग तर आलंच पाहिजे. उदबत्ती लावू, दोन घास खाऊ. वाघ काय, नंतर ऐकू."

रविवारी दुपारी घर माणसांनी भरलं होतं. देव्हाऱ्यासमोर डुकराचं मटण, अंडी, कारल्याचं सूप, तांदळाची दारू, सगळं मांडलेलं. उदबत्ती संपेपर्यंत कुणी जेवायचं नाही, म्हणून सगळे त्या उदबत्तीकडे बघत बसलेले. सर्वांत पुढे सासूबाईंचे भाऊ, साउ मामा. एवढ्यात गल्लीतून बाय भाऊ आणि मंडळी आली. पांढरे शर्ट, खाली घातलेल्या माना, आणि खांद्यांवर काळ्या कापडात गुंडाळलेल्या दोन उंच पेट्या.

"अरे बापरे!" साउ मामा ओरडले. "एका माणसाच्या पुण्यतिथीला दोन दोन शवपेट्या?"

कुणीतरी किंचाळलं. मीसुद्धा किंचाळलो, पण माझं कारण वेगळं होतं. मी धावत जाऊन म्हणालो, "दिव्याचे खांब आहेत, मामा! दोन्ही बाजूंना उभे करायचे असतात!"

मंडळी आत आली आणि देव्हाऱ्यासमोर थबकली. छोटा वाघ मधोमध, पुढे उदबत्त्या, ड्रॅगनफळं, दारूचे पेले. बाय भाऊंचे डोळे भरून आले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "यंत्राची पूजा! ह्याला म्हणतात मालक!" आणि सगळ्यांनी ओळीने कमरेत वाकून नमस्कार केला. इतक्या परक्या माणसांनी आपल्या नवऱ्यासाठी वाकलेलं बघून सासूबाईंना हुंदका आला. त्यांनी पाहुण्यांसमोर माझ्या पाठीवरून हात फिरवला. "सगळी ह्याच्या ओळखीची माणसं. गुणी आहे."

तो हात इतका मऊ होता की मला रडू येईल असं वाटलं. आणि भीतीही वाटली, जी आजवर साडेचारशे व्होल्टचीही वाटली नव्हती.

मंडळातले न्हान नावाचे दातांचे डॉक्टर स्पीकर जोडू लागले. बाय भाऊंनी गाणं लावायला म्हणून आपला फोन वायरीने यंत्राला जोडून ठेवला. माझा जीव थोडा भांड्यात पडला. स्पीकर आहेत म्हणजे जळणार तरी नाही! मी हळूच म्हणालो, "भाऊ, तुम्हीच चालू करा. पाहुण्यांचा मान."

"मी?" बाय भाऊ एक पाऊल मागे सरले. "माझ्या वाघावरचं प्लास्टिकसुद्धा मी अजून काढलं नाही रे!"

"अहो, मग तुम्ही लिहिलं होतं ना, ऐकून डोळ्यांत पाणी आलं म्हणून?"

"ते तुझं वाचून लिहिलं!"

मी डॉक्टरांकडे वळलो. त्यांनी नजर चुकवली. "मी एकदा चालू केला होता, पण दुसऱ्या खोलीतून. काठीने." बाकीचे मालक छताकडे बघत होते. म्हणजे एवढं मोठं मालकमंडळ, एवढी मतं, आणि वाघ कुणीच ऐकलेला नाही!

"काय कुजबुजताय?" सासूबाई पुढे आल्या. "बटण हेच ना?" आणि आम्ही आठ मर्द भिंतीला चिकटलेले असताना त्यांनी ते खटकन दाबलं.

काही झालं नाही. मग हळूहळू एकेका काचेत केशरी उजेड उमलला. फोटोतल्या सासऱ्यांच्या गालांवर तो पसरला आणि, शपथ सांगतो, ते पहिल्यांदाच माझ्यावर खूश दिसले. सगळे "वा!" म्हणाले. वाटलं, सुटलो!

"जरा मंद आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आवाजाच्या बटणाला हात घातला आणि वात मोठी करावी तसं ते शेवटपर्यंत पिळलं.

"आई, नको!" मी ओरडलो. त्याच क्षणी बाय भाऊंचा फोन वाजला.

वाजला म्हणजे काय! सुपातली कारली उडाली! साउ मामा टेबलाखाली गेले. बाय भाऊंनी घाईघाईने फोन बंद करायला जाऊन तो उचलला, आणि दोन्ही शवपेट्यांमधून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

"कुठे उलथलात? वायरमन आलाय! तो म्हणतो हा दिवाबिवा काही नाही, गाण्याचं यंत्र आहे! त्या मेल्या खांगने तुम्हाला शिकवलं ना, घरी देव्हाऱ्यातला दिवा म्हणून सांगा? त्याच्या सासूला जाऊन सांगते आत्ता!"

बाय भाऊंनी फोन उपटला. मोकळी वायर खाली लोंबकळली आणि वाघ खरोखर गुरगुरायला लागला, भिंती थरथरतील असा. यंत्राला हात लावायची कुणाची छाती होईना. डॉक्टरांनी जवळ पडलेला माझा फोन वायरीच्या टोकाला खुपसला, तेव्हा कुठे गुरगुर थांबली.

सगळे नातेवाईक माझ्याकडे बघत होते. उयेन माशांच्या रश्शाची वाटी हातात धरून बघत होती. मी सासूबाईंकडे बघितलं नाही.

त्या मात्र हसल्या. आमच्याकडे पितरांसमोर, पाहुण्यांसमोर आवाज चढवत नाहीत. "उदबत्ती संपली. बसा, जेवायला बसा. मी आलेच," असं म्हणून त्यांनी उयेनचा फोन उचलला आणि त्या शांतपणे बाहेर गल्लीच्या टोकापर्यंत, मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या गोंगाटात गेल्या.

आणि माझा फोन वाजला.

"उचल तो!" टेबलाखालून साउ मामा ओरडले. "घर पडेल!"

डोळे मिटून, हात लांब करून मी उचलला.

"खांग," सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, आणि खिडक्यांची तावदानं थरथरली. "चारचौघांत तुझा पाणउतारा नको म्हणून बाहेर येऊन बोलतेय. हे आपल्या दोघांतच राहू दे."

"आई, थांबा!" मी म्हणालो.

"मधे बोलू नकोस. साउ माझा भाऊ, पक्का लबाड, पण त्यानेही कधी मेलेल्या माणसाला फसवलं नाही." टेबलाखालून बाहेर येऊ लागलेले साउ मामा पुन्हा आत सरकले. "मी एका रेडिओला रोज हात जोडले, त्याचं मला काही नाही. पण मला खरंच वाटलं रे, की ह्यांची आठवण माझ्याशिवाय आणखी कुणाला तरी येते. मला फार बरं वाटलं होतं."

समोरच्या घराच्या गच्चीवर बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी मान खाली घातली. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि तीसुद्धा ऐंशी ऐंशी वॉटची, दोन्ही बाजूंनी.

"दिवा राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "त्या उजेडात ह्यांचा चेहरा छान दिसतो. जावई तेवढा बदलून मिळाला असता तर बरं झालं असतं. जाऊ दे. डोळे पूस आणि जेवायला बस. कुणाला काही कळता कामा नये."

त्या परत आल्या तेव्हा घरातली सगळी माणसं आपापल्या वाडग्यात डोकं घालून बसली होती. सासूबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली, मटणाचा सगळ्यात मोठा तुकडा उचलून माझ्या वाडग्यात घातला आणि मोठ्याने म्हणाल्या, "खा हो. गुणाचा आहे माझा जावई!"

कुणी मान वर केली नाही. सासूबाईंना अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगायची माझी हिंमत नाही.

छोट्या वाघाबद्दल आजही लोक माझं मत विचारतात. आता ते अनुभवाचं आहे. शब्द अगदी स्वच्छ ऐकू येतात. एकही सुटत नाही.